थंड हिवाळ्यात फॅन पाम: पानं नाही, पोंगा वाचवायचा असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिवाळ्यात पारा उणे १२ पर्यंत उतरतो, दोन-चारदा बर्फ पडतो, अशा ठिकाणी उन्हाळा संपता संपता सेलमधून आणून अंगणात फॅन पाम लावला आणि पहिल्याच हिवाळ्यात गेला. आधी पानं करडी पडली, मग तपकिरी झाली, आणि थंडी सरल्यावर मधली सुरळी, म्हणजे अजून न उघडलेलं नवं पान, नुसती धरली तर सळकन हातात आली, बुडाला काळपट चिकट घाण आणि कुजका वास. लेबलवर मात्र 'फॅन पाम, उणे १० पर्यंत चालतो' असं छापलेलं. तर आता दुसरा लावायचा का, लावला तर कुठला, आणि थंडीत नेमकं करायचं काय?

लावायचा की. मी वीसेक वर्षं थंड हिवाळ्यात हे पाम लावतोय आणि जगवले त्याहून मारलेच जास्त असतील, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं मेलेल्या झाडांकडून शिकलेलं आहे.

आधी त्या लेबलचं बोलू. 'फॅन पाम' हे एका झाडाचं नाव नाहीच. ताडासारखं पंख्याच्या आकाराचं पान असलेला कुठलाही पाम म्हणजे फॅन पाम, त्यात उणे २ ला मान टाकणारेही आले आणि उणे २० सोसणारेही आले, म्हणजे नुसतं 'फॅन पाम' लिहिणं म्हणजे कुत्रा विकताना 'चार पायांचा' असं लिहिण्यासारखं आहे. घेताना पान नंतर बघा, आधी देठ बघा. देठावर करवतीसारखे वाकडे दणकट काटे असतील आणि देठ बुडाकडे लालसर तपकिरी असेल तर तो बहुतेक वॉशिंग्टोनिया रोबस्टा, आणि मला वाटतं तुमचा तोच होता, कारण झपाट्याने वाढतो, बी आठ-पंधरा दिवसांत उगवतं, मग सगळीकडे तोच विकायला असतो. त्याचाच भाऊ वॉशिंग्टोनिया फिलिफेरा, देठ हिरवा, पानांवर पांढरे दोरे लोंबतात, खोड जाडजूड. बुडातून चार-पाच फुटवे आलेत आणि देठावरचे सुईसारखे काटे पानाच्या दिशेने रोखलेले आहेत, तर कॅमेरॉप्स. देठ जवळजवळ गुळगुळीत, बोट फिरवलं तर अगदी बारीक खरखर लागते आणि खोडाला काथ्याच्या जाळीचा कोट, तर ट्रॅकिकार्पस. देठाला काटा औषधालाही नाही आणि देठ पानाच्या आत घुसून पान मधोमध खाली वाकवतो, तर सबाल, फक्त सबालमधल्या बुटक्या जातीत हा वाक जेमतेम दिसतो. बुंध्यात काळ्या लांब सुया, हात घातलात तर रक्त काढणाऱ्या, तर नीडल पाम. आणि पानांची टोकं फाटून झालरीसारखी खाली लोंबत असतील तर लिविस्टोना, ती कुंडीत ठेवा, तुमच्या अंगणात तिचं काम नाही. कॉर्डिलाइन आणि युका हे तर पामच नाहीत, तरी त्या नावाने खपतात.

आता तुमचा मेला कसा ते. हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

आंबा, सफरचंद असल्या झाडाला सालीखाली जिवंत थर असतो, फांदी गोठून मेली तरी खालून डोळे फुटतात. पामला तसलं काही नसतं. पूर्ण खोडाच्या शेंड्याला आत गाभ्यात एकच वाढीचा डोळा, सगळी पानं तिथेच तयार होतात आणि सुरळी होऊन, म्हणजे उसाच्या किंवा मक्याच्या पोंग्यासारखी गुंडाळलेली बाहेर येतात. तो डोळा गेला की एकखोडी पाम संपला. कॅमेरॉप्ससारखे फुटव्यांचे प्रकार बुडातून परत येऊ शकतात, बाकीचे नाही. दुसरं म्हणजे हा डोळा आपल्याला सुरळी जिथून निघताना दिसते तिथे नसतो, चांगला वीतभर खाली असतो, देठांच्या बुडांनी आणि काथ्याने गुंडाळलेला. त्यामुळे हवा उणे १२ झाली म्हणून तो लगेच उणे १२ होत नाही. पण पोंगा म्हणजे एक नळीच असते, पावसाचं नाहीतर वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात उतरतं, रात्री गोठतं, दिवसा सुटतं, परत गोठतं, सुरळीच्या बुडाचा कोवळा भाग फाटतो, आणि मग चार-पाच अंश गारव्यात बुरशी आणि जिवाणू निवांत आत सरकत जातात. झाड त्या गारठ्यात झोपलेलं असतं, प्रतिकार काही करत नाही. ऊसवाले ज्याला पोंगेमर म्हणतात तेच हे, फक्त तिकडे अळी करते आणि इथे थंडी आणि पाणी मिळून करतात. म्हणजे तुमचा पाम गारठून जेवढा मेला त्याच्यापेक्षा जास्त कुजून मेला.

म्हणून लेबलवरचा आकडा फार मनावर घेऊ नका. उणे १० कुणाच्या बाबतीत? खोड धरलेल्या, मुळं पसरलेल्या, कोरड्या हवेतल्या झाडाच्या, एका रात्रीपुरतं, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडून पारा शून्याच्या वर गेला तर. वॉशिंग्टोनिया फिलिफेरा वाळवंटी झरे-ओढ्यांच्या काठचं झाड आहे, कोरड्या थंडीत उणे ९-१० सोसतं, पण तेच ओल्या हिवाळ्यात उणे ५-६ वर लोळण घेतं. रोबस्टा तर उणे ४-५ ला पानं भाजून घेतो आणि उणे ८ च्या आसपास बहुतेक संपतो. किती थंडी यापेक्षा किती वेळ थंडी हा प्रश्न जास्त कामाचा, कारण एका रात्रीत गाभा गोठत नाही पण तीन दिवस पारा शून्याच्या वर आलाच नाही तर जाड खोडही आतपर्यंत गार होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये जी लाट आली त्यात हेच झालं, डॅलसला पारा उणे १९ च्या जवळ गेला, आणि नुसता एका रात्रीपुरता नाही तर दिवसच्या दिवस गोठलेले राहिले. रस्त्याकडेचे उंच उंच रोबस्टा राज्याच्या बऱ्याच भागात ओळीने मेले आणि सॅन अँटोनियो, ऑस्टिनकडे त्याच रस्त्यांवरचे सबाल मेक्सिकाना पानं भाजून का होईना उन्हाळ्यात परत हिरवे झाले. थंडी तीच होती, फरक पडला तो जातीचा.

मग कुठला लावायचा? इथे बहुतेक लोक नुसता हिवाळ्याचा आकडा बघतात. मी आधी विचारतो की तुमचा उन्हाळा कसा आहे. कारण पाम थंडीत पानं गमावणारच, ती भरून काढायला उन्हाळ्यात किती ऊब मिळते त्यावर तो पुढची पाच वर्षं टिकणार की नाही हे ठरतं.

उन्हाळा कडक असेल, रात्रीसुद्धा उकडत असेल, तर नीडल पाम आणि सबाल मायनर, दुसरा विचार करू नका. नीडल पाम हा सगळ्या पामांमध्ये थंडीला सर्वात चिवट समजला जातो, मुरलेलं झाड उणे २० च्या आसपास तग धरतं. मूळचा अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या दमट जंगलांतला, मोठ्या झाडांच्या सावलीतला, त्यामुळे सावलीही चालते. दोष एकच, वाढ इतकी हळू की लावणाऱ्याचा अंत बघतो. सबाल मायनर उत्तरेकडे ओक्लाहोमा आणि नॉर्थ कॅरोलिनापर्यंत रानात उगवतो आणि त्याच्या चिवटपणाचं कारण फार साधं आहे, त्याचं खोड जमिनीखालीच राहतं, म्हणजे वाढीचा डोळा मातीच्या पांघरुणात. वरची सगळी पानं जळाली तरी खाली डोळा शाबूत. फक्त याला खोड येईल, उंच होईल, नारळाच्या बागेसारखं दिसेल अशी आशा ठेवू नका, ते कमरेएवढं झुडूपच असतं.

उन्हाळा थंड, ढगाळ, वीस-बावीसच्या पुढे पारा जातच नसेल तर हेच दोन्ही चिवट पाम तुमच्याकडे रडतील. वर्षाला एखादं पान काढतात, हिवाळ्यात दोन जातात, हिशोब उणे. मी एकाला सबाल मायनर दिला होता अशा ठिकाणी, कागदावर अगदी योग्य होता, सहा वर्षांत तो वाढण्याऐवजी आकसत गेला. अशा जागी ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनाय, म्हणजे ज्याला चुसान पाम नाहीतर विंडमिल पाम म्हणतात तो. याला गार उन्हाळ्याचा राग नाही, १०-१२ अंशालाही हळूहळू वाढत राहतो, म्हणूनच व्हँकुव्हरच्या समुद्रकाठी आणि इंग्लंडच्या बागांत तो दिसतो. नावातला फॉर्च्यून म्हणजे चीनमधून चहाची रोपं बाहेर काढणारा रॉबर्ट फॉर्च्यून, त्याने १८४९ मध्ये हा इंग्लंडला पाठवला, पण युरोपात बी त्याच्याही आधी, १८३० च्या सुमाराला सीबोल्ट नावाच्या जर्मन वैद्य-वनस्पतितज्ज्ञाने जपानहून पाठवलं होतं. चीन-जपानमध्ये हे झाड मुळात शोभेसाठी लावतच नसत, खोडावरच्या काथ्यासाठी लावत, त्याच्या दोऱ्या, ब्रश आणि पावसात पांघरायच्या इरल्यासारख्या झुली करत. तो कोट खोडाला थंडीत थोडीफार ऊब देतो, त्यामुळे सुंदर दिसावं म्हणून खोड सोलून गुळगुळीत करायची जी फॅशन आहे ती थंड ठिकाणी अजिबात करू नका. मुरलेला ट्रॅकिकार्पस उणे १० पर्यंत फारसं काही मनावर घेत नाही, उणे १२ ला पानं भाजतात, आणि उणे १५ च्या खाली गेलात की जुगार.

वारा जोराचा असेल तर वॅग्नेरियानस घ्या, फॉर्च्यूनायचाच बागेत तयार झालेला प्रकार मानतात, पानं लहान आणि कडक, वाऱ्याने चिंध्या होत नाहीत, बर्फाच्या ओझ्याने देठ मोडत नाहीत. माझा स्वतःचा जीव याच्यावर जास्त आहे, कारण फॉर्च्यूनाय वादळी हिवाळ्यानंतर फाटक्या छत्रीसारखा दिसतो. आणि कुमाऊँच्या डोंगरात उंचावर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे वाढणारा ट्रॅकिकार्पस टाकिल म्हणूनही एक आहे, मिळाला तर जरूर लावा, पण त्या नावाने विकली जाणारी निम्मी रोपं साधी फॉर्च्यूनायच निघतात, माझी तिन्ही तशी निघाली. एक सावधानता, जिथे फॉर्च्यूनाय फार रुळतो तिथे तो जंगलात घुसतो. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात पक्ष्यांनी बी पसरवून रानं भरली, शेवटी तिथे २०२४ मध्ये विक्रीच बंद केली. तेव्हा तुमच्या भागातला नियम बघून घ्या. नर-मादी झाडं वेगळी असतात, मादीचे फळांचे घोस पिकायच्या आत कापले की प्रश्न मिटला.

कॅमेरॉप्स उणे ८-१० चा गडी, भूमध्य समुद्राकाठचा, कोरडी उतरती जागा मागतो. मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरातला निळसर पानांचा प्रकार दिसायला अप्रतिम आहे पण ओल्या हिवाळ्यात त्यालाही छत लागतं. तुमच्या उणे १२ ला भिंतीच्या आडोशाने जमेल, मेहनत आहे.

लावणीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण तुमचं अर्धं नुकसान तिथे झालंय असं दिसतं. तुम्ही उन्हाळा संपता संपता लावला, सेलमध्ये मिळाला म्हणून. पामची मुळं माती गरम झाल्याशिवाय हलत नाहीत, साधारण १८-२० अंश मातीत ती खरी पळायला लागतात, म्हणजे वसंत सरून उन्हाळा सुरू होताना लावलं तर चार-पाच महिने मिळतात आणि शरद ऋतूत लावलं तर झाड कुंडीतल्या मुळांच्या गोळ्यासकट तसंच हिवाळ्यात जातं, बाहेरच्या मातीत एक मूळ नाही. मग जमीन गोठली की मुळांना पाणी उचलता येत नाही, वर पानं सदाहरित, ऊन आणि वारा त्यातून पाणी ओढत राहतो, झाड गोठलेल्या जमिनीवर तहानेने वाळतं. त्या करड्या पानांचं कारण हेच असणार. म्हणून थंडीची मोठी लाट यायच्या आधी, जमीन अजून मऊ असताना, आळ्यात भरपूर पाणी द्या, पोंग्यात नाही.

रोप केवढं घ्यायचं? एकदम इवलं नको, काडीएवढ्या रोपाकडे साठा काहीच नसतो. कुंडीत तीन-चार वर्षं वाढलेलं, बुंधा मनगटाएवढा जाड असेल असं घ्या. सहा फुटी खोडाचं तयार झाड उपटून आणतात त्याचा मोह टाळा, विशेषतः सबालचा, कारण सबाल पाल्मेटोची तुटलेली मुळं जवळजवळ सगळी मरतात आणि झाडाला बुंध्यातून नव्याने मुळं काढावी लागतात, तोवर ते खोडातल्या साठ्यावर जगतं. ट्रॅकिकार्पस त्या मानाने बदली सोसतो. आणि ग्रीनहाऊसमधून आणलेलं रोप एकदम उन्हात ठेवू नका, दोन आठवडे सावलीतून सरकवत न्या. खोलीचं म्हणाल तर कुंडीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच. खड्ड्यात गादीसारखं कंपोस्ट भरायची सवय असते लोकांना, भोवती चिकण माती असली की तो खड्डा म्हणजे बादली होते आणि हिवाळाभर पाणी धरून बसते. त्यापेक्षा तीच माती, थोडी खडी-वाळू, आणि जागा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करून लावा.

जागा निवडताना एवढंच बघा, दुपारच्या उन्हाची भिंत पाठीशी असावी, गार वाऱ्याला आडोसा असावा, आणि उताराचा तळ नसावा कारण थंड हवा पाण्यासारखी वाहत जाऊन खोलगट जागेत साचते. माझ्या अंगणाच्या वरच्या आणि खालच्या टोकात रात्रीचा तीन अंशांचा फरक मी थर्मामीटर लावून मोजलाय, दोन्हीकडे एकाच दिवशी लावलेले कॅमेरॉप्स होते, खालचा आता नाही.

आता राखण. बहुतेक जण पानं गुंडाळतात आणि गाभा तसाच, आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी. पानं गेली तरी चालतं, पोंगा कोरडा आणि मुळं ऊबदार राहिली पाहिजेत. बुंध्याभोवती हातभर घेरात सुका पाला नाहीतर सालीचे तुकडे वीतभर जाड पसरायचे, खोडाला खेटून नाही, चार बोटं सोडून. लहान रोपाचा डोळा जमिनीलगतच असतो, त्याचं अर्धं काम या आच्छादनातच होतं, त्यामुळे लहान रोपाला तेवढ्यापुरतं वरूनही सैल पाल्याने झाका आणि थंडी गेली की लगेच मोकळं करा. ओल्या काळात पोंग्यावर छप्पर, बस्स, चार काठ्या आणि वर पारदर्शक पत्रा, बाजू उघड्या. ट्रॅकिकार्पससाठी उणे ८-९ पर्यंत मी याच्यापेक्षा जास्त काही करत नाही.

त्याच्या खाली जायची चिन्हं दिसली की पानं वर उचलून सुतळीने हलकी बांधायची, खोडावर आणि गाभ्याभोवती जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या दिव्यांची माळ गुंडाळायची, वरून फ्रॉस्ट क्लॉथ, म्हणजे झाडं थंडीपासून झाकायचं हवा खेळू देणारं कापड, नाहीतर गोणपाटाचे दोन थर. माळ एलईडीची नको, ती उजेड देते, ऊब नाही. ७ वॉटचे २५ बल्ब म्हणजे १७५ वॉट, माणसाएवढ्या झाडाला कापडाच्या आत हे पुरतं. २ अंशाला चालू आणि ७ ला बंद होणारा थर्मोस्टॅटवाला प्लग मिळतो तो घ्या म्हणजे रात्री उठावं लागत नाही. बाहेर वापरायचीच वायर, ओल्यात झटका बसू नये म्हणून गळती ओळखणारा ब्रेकर, आणि बल्ब कापडाला किंवा सुक्या काथ्याला टेकता कामा नये, ट्रॅकिकार्पसचा कोट काडेपेटीसारखा पेट घेतो.

प्लॅस्टिक मात्र झाडाला चिकटवून गुंडाळू नका. पहिल्या वर्षी मी एका कॅमेरॉप्सवर मोठी पारदर्शक पिशवी घालून कामाला गेलो, बाहेर पारा २ अंश, पण ऊन पडलेलं. संध्याकाळी येऊन बघतो तर आतून घाम सुटलेला, पानं उकडलेल्या भाजीसारखी लुळी, आणि रात्री परत उणे ६. त्याला थंडीने नाही, मीच मारला. कापड असलं तरी शून्याच्या वर दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की सोडायचं, हवा लागू द्यायची. पेंढा भरून जाळीत महिनोन् महिने कोंडणं ही जुनी पद्धत, कोरड्या थंडीत चालते, ओल्या थंडीत तोच पेंढा कुजून पोंगा घेऊन जातो. ओला बर्फ पानांवर साचला तर खालून हलवून झाडा, पण पानांवर काच धरल्यासारखं बर्फाचं कवच बसलं असेल तर हात लावू नका, देठ कटकन मोडतात. आणि कोरडा भुसभुशीत बर्फ सबाल मायनरवर साठला तर साठू दे, ते फुकटचं पांघरूण आहे.

उन्हाळ्यात भूक मोठी असते त्यांना. पोटॅश आणि मॅग्नेशियम कमी पडलं की जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत जातात आणि झाड थंडीला कच्चं राहतं. वसंत ते मध्य उन्हाळा हळू विरघळणारं पामचं खत द्या, नंतर बंद, उशिरा नत्र दिलं की कोवळी वाढ घेऊन झाड हिवाळ्यात शिरतं. अर्धवट पिवळी पानं कापू नका, झाड त्यातून पोटॅश ओढून नव्या पानाला देत असतं. दक्षिण युरोपात असाल तर पामवर पडणाऱ्या त्या मोठ्या पतंगाच्या अळीवर लक्ष ठेवा, नवं पान उघडल्यावर त्यात एका ओळीत भोकं दिसली तर ती आत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थंडी संपल्यावर काय. लोक इथे घाई करतात. पानं तपकिरी झाली म्हणून झाड उपटतात, आणि बऱ्याचदा ते जिवंत असतं. तपकिरी पानंसुद्धा कडाका पूर्ण संपेपर्यंत तशीच ठेवा, गाभ्याला तेवढीच सोबत. मग सुरळी धरून हलकेच ओढा, जोर नको. घट्ट असेल तर एक पक्क्या शाईचा मार्कर घ्या आणि सुरळीवरून शेजारच्या देठापर्यंत एक आडवी रेघ मारा. दिवस ऊबदार झाले की दहा-बारा दिवसांनी बघा, सुरळीवरची अर्धी रेघ वर सरकलेली असेल, चार मिलिमीटर का होईना, तर आत कारखाना चालू आहे, मागे लागू नका. ही रेघ मी दर वर्षी प्रत्येक झाडावर मारतो आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा सरकलेली दिसते तेव्हा अजूनही बरं वाटतं.

सुरळी हातात आलीच तर अजून सगळं संपलेलं नाही. वरून कोरड्या कापडाने पाणी टिपून काढा, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पोंग्यात ओता, फसफसून घाण वर येईल, निथळू द्या, दोन-तीन दिवसांनी परत, फसफसणं थांबेपर्यंत. मग एकदाच कॉपर ऑक्सिक्लोराइडचं पाणी, आणि वर छप्पर, पावसाचा थेंब आत जाता कामा नये. एवढ्याने बऱ्याच ट्रॅकिकार्पसचं भागतं. कुज खाली सरकत असेल, शेजारची दुसरी-तिसरी पानंही सुटून येत असतील, तर शेवटचा उपाय म्हणजे शेंडा छाटणं. मी एकदाच केलंय. करवत स्पिरिटने पुसून दोन बोटांचा काप घेतला, आत तपकिरी वर्तुळ आणि तो वास, अजून दोन बोटं, तपकिरी ठिपका लहान झाला, तिसऱ्या कापाला कोबीच्या दांड्यासारखा पांढराशुभ्र स्वच्छ भाग लागला, तिथेच थांबलो. एक काप जास्त घेतला असता तर डोळाच उडाला असता. आठवड्याने बघितलं तर मधला पांढरा भाग कडेपेक्षा नखभर वर आला होता. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर पहिलं पान उघडलं, वरची टोकं कात्रीने सरळ कापल्यासारखी, कारण ते पान आत गुंडाळलेलं असतानाच त्याचा शेंडा कापला गेला होता. तसंच चित्र नुसत्या थंडीनेही दिसतं, महिन्या-दोन महिन्यांनी उघडलेली पानं तोकडी, वाकडी, मध्ये भाजल्याचा पट्टा, तेव्हा नवीन रोग आला म्हणून फवारे मारत बसू नका, ते जुन्या हिवाळ्याचे व्रण असतात, तिसरं-चौथं पान नीट येतं.

तुमचा मात्र एकखोडी वॉशिंग्टोनिया असेल, बुंधा दाबल्यावर मऊ लागत असेल आणि ऐन उन्हाळ्यातही काही हललं नाही तर तो काढून टाका. उन्हाळा गरम असेल तर त्या खड्ड्यापासून दोन पावलं उंचावर नीडल पाम, गार असेल तर वॅग्नेरियानस. आणि हो, सेलमध्ये पाम दिसला तरी या वर्षी घरात आणून खिडकीपाशी ठेवा, जमिनीत नाही.